सासूबाईंची मीठतुला

छत्तिसाव्या सूर्यनमस्काराला मी चक्कर येऊन पडले आणि आमच्या व्यायामवर्गातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पाणी आणायला कुणीही धावलं नाही. लग्नाला आठ महिने झालेली सून भर वैशाखात कोसळते, याचा अर्थ त्या काळच्या डोंबिवलीत एकच होता.

मी डोळे उघडले तेव्हा माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या कुणाला तरी सांगत होत्या, "मार्गशीर्षात धरा."

"आई, तसं काही नाही हो," मी म्हटलं.

"पहिल्या वेळी कळत नाही गं," त्या म्हणाल्या आणि पदरानं वारा घालायला लागल्या.

हा वर्ग चालायचा लाकडाच्या वखारीमागे, भात कापून मोकळ्या पडलेल्या शेतात. गावात तेव्हा घरं मोजकी आणि खाचरं फार. वर्ग काढला होता मुलींच्या शाळेत शास्त्र आणि ड्रिल असे दोन्ही विषय शिकवणाऱ्या एका बाईंनी. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि बाईंचं म्हणणं असं, की आता बायकांच्या पाठीचे कणेही सरळ झाले पाहिजेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज चार वाजता त्या शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या. आम्ही बाराजणी नऊवारीचा काष्टा घट्ट खोवून लेझीम, नमस्कार, पळणं असं सगळं करायचो.

सासूबाई खरं तर व्यायामाला आल्याच नव्हत्या. सून काय करते ते बघायला म्हणून त्या आल्या आणि पहिला आठवडा बाभळीखाली तांब्या घेऊन बसल्या. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "बसून बसून पाय भरून येतात. त्यापेक्षा ते तुमचं पळणं बरं." त्यांना तेव्हा पन्नाशीला एक वर्ष कमी होतं. काष्टा मारून त्या ज्या सुटल्या, त्या कुणाच्याही हाती लागल्या नाहीत. माझ्या तर मुळीच नाहीत. शेताच्या बांधाला हात लावून परत येईपर्यंत त्यांचं 'रामरक्षा' म्हणणं चालू असायचं, आणि श्वास लागलेला नसायचा.

मी पडले त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी चिंचा, आवळे, कैरीचं लोणचं अशी रीघ लागली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुंबईला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. ते फारच कमी बोलत. त्यांनीसुद्धा संध्याकाळी येताना मोसंबी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. तिसऱ्या दिवशी मला कावळा शिवला आणि मार्गशीर्ष रद्द झाला.

सासूबाईंनी चिंचा-आवळे बरण्यांत भरून ठेवले. मग त्यांना वेगळाच प्रश्न पडला. "तसं नव्हतं, तर मग ही पडली का?" चौथ्या दिवशी मला न्हायला घालून, मला बरोबर घेऊन त्या थेट मैदानावर गेल्या आणि बाईंना त्यांनी जाब विचारला.

"अंगातलं पाणी संपलं म्हणून पडली," बाई म्हणाल्या. "घामावाटे जेवढं जातं, तेवढं परत आत गेलं पाहिजे."

"काय घालायचं आत?"

प्रश्न साधा होता, पण त्यावरून आमचा वर्ग फुटायची वेळ आली.

वकिलीणकाकू म्हणाल्या, कोकम. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे त्यांच्याकडे ताप, पित्त, परीक्षा आणि भाऊबंदकी या सगळ्यांवर कोकम हाच उतारा होता. पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, गूळ-वेलदोड्याचं पन्हं. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजच्या पुडीचा डबा आणला. तो त्यांनी झाकण न उघडता नुसता सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनी ताकाची बाजू घेतली. त्यांचं ताक म्हणजे लोणी शेवटच्या कणापर्यंत काढून घेतल्यावर उरलेलं निळसर पाणी. ते प्याल्यावर माणूस दोन्ही डोळे मिटायचा आणि मग एकेक करून उघडायचा. बाई स्वतः उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या बाजूला दुसरं कुणी गेलं नाही.

मग रोज प्रत्येकीच्या घरून चरव्या, तांबे, बरण्या यायला लागल्या. व्यायाम अर्धा तास आणि पिणं पाऊण तास. कुणी कुणाचं प्यायलं याच्यावर डोळा असायचा. मी सून, त्यामुळे मला ताक. पण वकिलीणकाकूंना दुखवायचं नाही म्हणून कोकमही. पन्हंवाल्या बाईंचं घर आमच्या शेजारी, म्हणून पन्हंही. एके दिवशी हे सगळं पोटात घेऊन मला लेझीम खेळायला उभं केलं. पहिल्या गिरकीला काय झालं ते सांगत नाही, पण दोष कोणत्या पेयाचा यावर बायका तासभर भांडल्या. मी बांधावर डोकं धरून बसले होते.

शेवटी बाईंनी शिट्टी फुंकली.

"मतं नकोत. माप हवं. व्यायामाआधी प्रत्येकीचं वजन करायचं, व्यायामानंतर करायचं. जेवढं घटलं तेवढा घाम. मग एकेक पेय देऊन परत वजन. जे अंगात टिकेल ते खरं."

"वजन कशावर करायचं?" मी विचारलं.

बाईंनी वखारीकडे बोट दाखवलं.

वखारीचा मालक कच्छी होता. त्याच्या दारात मोठ्या तुळईला लाकडं जोखायचा तराजू टांगलेला असायचा. साखळदंडांना लटकलेल्या दोन फळ्या. एकीवर लाकडं, दुसरीवर लोखंडी मापं. आम्ही बाराजणी काष्टे मारून समोर उभ्या राहिलेल्या बघून तो गादीवरून उठलाच.

"बेन, हा काटा लाकडाचा आहे. अर्ध्या शेराच्या खालचं त्याला समजत नाय."

"अर्ध्या शेरावर घाम आला की समजेल ना?" बाई म्हणाल्या.

त्यानं काट्यावरची लाकडं बाजूला सारली.

पहिली मी बसले. मण चाळीस शेरांचा. व्यायामाआधी एक मण सात शेर, व्यायामानंतर एक मण साडेसहा. अर्धा शेर घाम! बाईंचा चेहरा असा उजळला, की मला स्वतःचा अभिमान वाटला. त्यानंतर सासूबाईंची पाळी. व्यायामाआधी त्या पावणेदोन मणांना जेमतेम एक शेर कमी होत्या. धावून आल्यावर परत फळीवर चढल्या. फळी हलली तशा घाबरल्या, मांडी घालून बसल्या, एका हातानं साखळी धरली, डोळे मिटले आणि रामरक्षा म्हणायला लागल्या.

नेमकी त्याच वेळी पूजेचं ताट घेऊन देवळात निघालेली एक म्हातारी तिथून चालली होती. तिनं पाहिलं, की एक सुवासिनी तराजूत डोळे मिटून बसली आहे, समोरच्या पारड्यात मापं चढताहेत आणि भोवती बायका उभ्या आहेत. तिनं पायातल्या वहाणा काढल्या, पुढे आली, सासूबाईंना कुंकू लावलं, डोक्यावर फूल ठेवलं आणि दारातल्या ओंडक्यावर नारळ फोडला.

"कुणाच्या नावानं तुला करताय?" तिनं मला हळूच विचारलं.

"घामाच्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

तिला ते 'रामाच्या' असं ऐकू गेलं असावं. ती हात जोडून पुढे निघून गेली आणि गावभर सांगत गेली. पाव तासात वखारीसमोर तीस-चाळीस माणसं. कुणी हळद आणली, कुणी उदबत्ती. आणि मग देवळातले गुरुजी आले. ते रागावलेले होते.

"तुला चालली आहे आणि मला वर्दी नाही?"

"ही तुला नाही गुरुजी," बाई म्हणाल्या. "हा प्रयोग आहे. घाम मोजतो आहोत."

"मोजा की. पण सुवासिनी तराजूत बसली, कुंकू लागलं, फूल पडलं, नारळ फुटला. आता समोरच्या पारड्यातलं देवाचं."

समोरच्या पारड्यात वखारीची मापं होती. कच्छी शेठ धावत गेला आणि मणाच्या मापाला मिठी मारून बसला.

"काकू, उतरा तुम्ही खाली," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी डोळे उघडले. सगळी गर्दी त्यांनी सावकाश पाहून घेतली. "देवाला मोजून दाखवायचं आणि द्यायचं नाही? हे माझ्या हातून व्हायचं नाही. सून एकदा पडली आहे. आता आणखी काही व्हायला नको."

"आई, मी पाणी कमी पडलं म्हणून पडले होते."

"तू गप्प बस."

आता त्यांच्या भारंभार काय द्यायचं, याची चर्चा सुरू झाली. गुरुजी म्हणाले, गूळ. पण पावणेदोन मण गूळ संध्याकाळी पाच वाजता डोंबिवलीत कुणाच्या घरी असणार? मापं वाचवायला शेठ काहीही द्यायला तयार होता. "लाकडं घ्या! सुकी बाभूळ! जितकी लागेल तितकी घ्या!"

गुरुजींचा चेहरा पडला. "शेठ, जिवंत बाईच्या भारंभार लाकडं?"

शेठनं जीभ चावली. सासूबाईंनी मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की तो वखारीच्या आतल्या बाजूला निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. सासूबाई धावून येऊन तशाच बसल्या होत्या, आणि त्यांना तहान लागली होती.

"घोटभर काहीतरी द्या गं," त्या म्हणाल्या.

अकराजणी अकरा भांडी घेऊन धावल्या. इतके दिवस जिचं मत वळवायचं होतं, तीच आता तराजूत अडकून बसली होती. वकिलीणकाकूंनी कोकम दिलं. पन्हंवालीनं पन्हं दिलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच ग्लुकोजच्या डब्याचं झाकण उघडलं. सासूबाईंनी कुणालाही नाही म्हटलं नाही. मधेमधे तोंडाची चव नीट करायला स्वतःचं ताक घेत होत्या. आणि त्यांचं पारडं सावकाश खाली यायला लागलं.

"अर्धा शेर!" बाई वहीत लिहीत ओरडल्या. "अर्धा शेर भरला! पाजा, पाजा!"

"पाजू नका!" गुरुजी ओरडले. "दान वाढतंय!"

"देवाचं आहे," सासूबाई पेला खाली ठेवत म्हणाल्या. "वाढू दे."

साडेसहाच्या सुमारास मामंजी कचेरीतून आले. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांनी सांगितलेल्या दिशेनं ते छत्री घेऊन वखारीपाशी पोचले. गर्दी बाजूला झाली. ते बायकोसमोर उभे राहिले. तिच्या कपाळावर आठ-दहा जणींचं कुंकू होतं, डोक्यावर जास्वंद, हातात ताकाचा पेला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुला चालली आहे," सासूबाई म्हणाल्या. "ताक घेता का?"

"नको. किती वेळ लागेल?"

"वजन भरेपर्यंत."

मामंजींनी मान हलवली. त्या दिवसाबद्दल नंतर कधीही त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. "घराची किल्ली दे," ते म्हणाले. किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कनवटीला होता. त्यांनी हात घातला, तसे बाई आणि गुरुजी दोघंही एकदम पुढे झाले.

"किल्ल्या काढू नका! वजन बदलेल!"

त्या संध्याकाळी त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका बाबतीत. मामंजींनी छत्री मिटली, एका ओंडक्यावर रुमाल अंथरला आणि ते बसून राहिले.

अंधार पडायला आला तेव्हा खाडीकडून मिठाची बैलगाडी आली. मिठागरात काम करून आठवड्यातून एकदा दारोदार मीठ विकणारी बाई गाडीबरोबर चालत होती. ती आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. तिनं गाडी थांबवली.

"काय झायलं गो बाय? वयनी अशी टांगून का ठेवलीय?"

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझी चक्कर, पेयं, घाम, नारळ, मापं. तिनं शांतपणे ऐकलं आणि गुरुजींना विचारलं, "मंग मीठ चालंल का?"

गुरुजी नाही म्हणायला तोंड उघडत होते, पण थांबले. बोटांवर काहीतरी मोजायला लागले. गाय, जमीन, तीळ, सोनं असं करत करत दहाव्या बोटावर आले आणि त्यांचा आवाज चढला. "लवण! दशदानात लवण आहे!"

गाडीवरून गोणी उतरल्या. मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, भांडण होतं, म्हणून गोणी आधी जमिनीवर ठेवायची आणि मग दुसऱ्यानं उचलायची, असं सगळं रीतसर झालं. लोखंडी मापं उतरली, शेठ ती घेऊन आत पळाला. मीठ भरता भरता सासूबाईंची फळी जमिनीवरून उठली, हलली आणि मिठाच्या बरोबरीला येऊन थांबली. लोकांनी रामाचा जयजयकार केला. मामंजींनी मिठाचे जे पैसे झाले ते तिथल्या तिथे दिले आणि सासूबाईंना हात देऊन उतरवलं. दोन तास मांडी घालून बसल्यानं त्यांचे पाय इतके बधिर झाले होते, की वर्गातली सगळ्यात वेगानं पळणारी बाई घरी आली ती मिठाच्या रिकाम्या गाडीतून.

त्याआधी बाईंनी मीठवालीला गाठलं होतं. त्यांची वही उघडी होती.

"तुम्ही दिवसभर मिठागरात उन्हात राबता. घाम किती जात असेल! संध्याकाळी घरी गेल्यावर तुम्ही काय पिता?"

आम्ही सगळ्या गोळा झालो. पिढ्यानपिढ्यांचं काहीतरी आता कळणार असं आम्हाला वाटलं. वकिलीणकाकूंनी कोकमाच्या आशेनं मान पुढे केली.

"च्या," ती म्हणाली.

"चहा? आणि सकाळी?"

"च्याच."

"मग त्यात मीठ घालता का?" बाईंनी शेवटची आशा धरून विचारलं.

तिनं बाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "च्यात मीठ कोन घालतं गो?"

मीठ देवळात गेलं. पण पावणेदोन मण मिठाचं देवानं करायचं काय? आठवडाभरात गुरुजींना कळलं, की जाडं मीठ हवेतलं पाणी ओढतं. गाभाऱ्यापुढची फरशी ओली राहायला लागली. पाऊस तोंडावर आला होता. एके दिवशी ते स्वतः मैदानावर आले आणि म्हणाले, "प्रसाद म्हणून वर्गानं स्वीकारावं." प्रसाद नाकारता येत नाही. गोणी बाभळीखाली आल्या आणि मग आमच्या घरच्या अंगणात.

प्रसाद संपवला पाहिजे, म्हणून सासूबाईंनी नेम केला. वर्गात जे काही प्यायलं जाईल, त्यात चिमूटभर तुलेचं मीठ पडेल. कोकमात पडलं, ताकात पडलं, पन्ह्यात पडलं. डॉक्टरीणबाईंच्या ग्लुकोजमध्येही पडलं, त्यांनी डबा मागे ओढायच्या आत. बाईंच्या उकळलेल्या पाण्यातसुद्धा पडलं. पुढे जिला वर्ग बुडवायचा असेल तिला सासूबाई दारात गाठायच्या आणि म्हणायच्या, "खाल्ल्या मिठाला जाग." एकीही वर्ग बुडवायची नाही.

त्यानंतर वर्गात कुणालाही चक्कर आली नाही. बाईंनी वहीत लिहिलं, की हा मिठाचा गुण. सासूबाईंचं म्हणणं, हा तुलेचा गुण. वकिलीणकाकू शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की कोकमाचं श्रेय सगळ्यांनी मिळून खाल्लं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. सुनेनं घ्यायची नसते, आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. माझे चाळीस नमस्कार पुरे व्हायला लागले होते, एवढंच मी सांगू शकत होते.

थंडीत कल्याणला बायकांच्या शर्यती झाल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांच्या शर्यतीत चौघीजणी होत्या. सासूबाई पहिल्या येणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. पण निम्म्या वाटेत एका बाईचा काष्टा सुटला. सासूबाई थांबल्या, तिला आडोसा धरून काष्टा नीट मारून दिला आणि मग दोघी बरोबरच पोचल्या. तिसरी कोण आणि चौथी कोण हे पंचांना ठरवता येईना. सासूबाईंनी सांगितलं, "मी चौथी. तिनं पुढे पाऊल टाकलं, मी बघितलंय."

शर्यतीनंतर मैदानाच्या कडेला एकजण गोटी सोडा विकत होता. सासूबाईंनी तोवर तो कधी प्यायला नव्हता. मामंजी सुट्टी काढून आले होते. त्यांनी एक बाटली घेतली, अंगठ्यानं गोटी दाबली, ठसक्यासारखा आवाज झाला. सासूबाई दचकून मागे सरल्या आणि मग त्यांनी बाटली घेतली. अर्धी पिऊन त्यांनी ती मामंजींपुढे धरली. भर मैदानात, चारचौघांत, मामंजींनी ती तोंडाला लावली. मी दुसरीकडे बघायला लागले.

"कसं आहे?" मामंजींनी विचारलं.

"नाकात जातं," सासूबाई म्हणाल्या. "आणखी एक घ्या."